तळ्याकाठचे घर

उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात जागा निवडण्याचा एक प्रसंग आहे. अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांमध्ये भांडणे होऊ लागली, तेव्हा वडीलधाऱ्या अब्रामाने निवडीचा पहिला हक्क तरुण लोटाला दिला. लोटाने नजर वर करून पाहिले. यार्देनेचे सारे खोरे त्याला भरपूर पाण्याचे दिसले आणि त्याने ते पसंत केले. शास्त्र या निवडीला लगेच पाप म्हणत नाही. पाणी पाहून जागा निवडणे हे गुराढोरांच्या मालकाला शोभणारेच होते. परंतु त्यानंतर लगेच आपण वाचतो की, त्याचा तंबू सरकत सरकत सदोमापर्यंत गेला. लोटाने पाणी पाहिले, हिरवळ पाहिली. त्या पाण्याभोवती कोण राहते आणि कसे राहते, हे मात्र पाहिले नाही.

हा अध्याय मी अनेकदा वाचला होता आणि दर वेळी मनातल्या मनात लोटाला दोष देऊन पुढे गेलो होतो. आम्ही स्वतः घर शोधू लागलो, तेव्हा प्रथमच मला त्याची नजर ओळखीची वाटली.

आमचे मूळ गाव नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. दुष्काळी कामावर आईबरोबर जाऊन मी सुकडी खाल्ली आहे, आणि कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरणारी माणसे पाहिली आहेत. पुढे नोकरीने मला उत्तर हिंदुस्थानात आणले आणि आयुष्याची तीस वर्षे लखनौत गेली. २०२२ साली निवृत्त झालो. मुले दूर आहेत, गावी कोणी उरले नाही, आणि मित्रमंडळी व मंडळी दोन्ही येथेच. तेव्हा उरलेले दिवस येथेच काढावेत असे ठरले. पत्नीने एकच इच्छा बोलून दाखवली : “अहो, जन्मभर सरकारी वसाहतीच्या गोंगाटात राहिलो. आता जरा शांत जागा बघा, आणि जवळ पाणी असले तर फारच बरे.” दुष्काळी मुलखातल्या माणसाला याहून गोड काय वाटणार ?

२०२४ च्या आरंभी रायबरेली रस्त्यापासून आत असलेली एक नवी वसाहत आम्हांला दाखविण्यात आली. तिच्या नावातच सरोवर होते. शहरातील भावाच्या जवळजवळ निम्म्या भावात भूखंड मिळत होता. समोर खरोखरच एक तळे होते. त्यावर बगळे होते, सायंकाळचे ऊन होते आणि मोटारींचा आवाज नव्हता. पत्नी बराच वेळ काठावर उभी राहिली. दलालाने कागदपत्रांची फाईल उघडली : नकाशा होता, खतौनीचा उतारा होता, आधी विकल्या गेलेल्या भूखंडांच्या नोंदणीच्या प्रतीही होत्या. मी मनातल्या मनात बयाण्याची रक्कम मोजू लागलो.

तेवढ्यात जवळच म्हशी चारणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाशी बोलणे निघाले. आम्ही ज्या जागी उभे होतो तिकडे बोट दाखवून ते सहज म्हणाले की, येथे आम्ही शिंगाडे लावत होतो. शिंगाडा हा पाण्यात वाढणारा वेल. म्हणजे आमचा नियोजित दिवाणखाना काही वर्षांपूर्वी तळे होता. जे तळे आम्ही पाहत होतो, ते मूळ तळ्याचा उरलेला तुकडा होते. त्या गृहस्थांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते मला अधिक लागले.

घरी आल्यावर आमच्या परिचयाच्या एका वकिलांना विचारले. त्यांनी मला उत्तर प्रदेशातील जमिनीच्या कागदांचा एक धडा दिला, तो येथील घर घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. आजचा उतारा पाहून थांबू नये. फसली १३५९ चा, म्हणजे १९५१-५२ चा अभिलेख पाहावा. जमीनदारी गेली त्या वेळी कोणती जमीन काय होती, हे त्यात लिहिलेले असते. १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याच्या कलम १३२ अन्वये पाण्याखालील जमिनीवर खासगी भूमिधरी हक्क निर्माण होऊ शकत नव्हता, आणि पुढे आलेल्या महसूल संहितेनेही ते तत्त्व राखले आहे. २००१ साली हिंचलाल तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या प्रदेशातीलच एका गावाच्या तळ्याचा निकाल देताना सांगितले की, तळी, तलाव, वने, टेकड्या ही समाजाची निसर्गदत्त संपत्ती असून तळ्याची जमीन घरांसाठी वाटून देता येत नाही. २०११ साली पंजाबातील जगपाल सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने गावच्या तळ्यावरील अतिक्रमण दूर करण्याचा आदेश दिला आणि सर्व राज्यांना अशा सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखावयास सांगितले. आमच्या भूखंडाचा जुना अभिलेख काढला. त्यात एकच शब्द होता : तालाब.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न येथेच संपावयास हवा होता. परंतु दलालाचे उत्तर तयार होते. तेथे अनेकांनी घरे बांधली आहेत, वीज आली आहे, आजवर कोणाला नोटीस आलेली नाही. आणि शेवटी ते वाक्य, जे आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले, किंबहुना स्वतःशी उच्चारलेले असते : तुम्ही घेतले नाही, तर दुसरा कोणी घेईलच.

या वाक्याचा विचार करण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. कारण ते खोटे नाही. आम्ही तो भूखंड घेतला नाही, आणि महिन्याभरात तो दुसऱ्याने घेतला. आमच्या नकाराने तळ्याची एक वीतही वाचली नाही. मग आमच्या नकाराचा अर्थ काय ? स्वतःचे हात स्वच्छ ठेवल्याचे समाधान, एवढाच ? आणि तेवढाच असेल, तर पिलातानेही हात धुतलेच होते.

प्रथम स्वस्ताईचा विचार करू. कोणतीही जमीन विनाकारण स्वस्त नसते. ती शहरापासून दूर असते, किंवा तिच्या हक्कात खोट असते, किंवा ती सखल असते. आमच्या बाबतीत तिन्ही गोष्टी होत्या. लखनौची भूमी सपाट. तिच्यातून वाहणारी गोमती ही हिमालयातील बर्फातून निघालेली नदी नव्हे. ती पिलीभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथे एका तळ्यातूनच उगम पावते आणि पाऊस व भूजल यांवर जगते. अशा प्रदेशात तळे हे पावसाचे पाणी थोपवून हळूहळू जमिनीत मुरवणारे भांडे असते. ते भरून टाकले, म्हणून पाऊस कमी पडत नाही. आमच्या भूखंडावर सहा फूट माती पडली, तर तेथले पाणी शेजारच्या जुन्या वस्तीत जाणार, जिच्या दारापुढचा रस्ता आमच्या जोत्याहून खाली आहे. १९६० च्या महापुरात गोमतीने या शहरात काय केले, हे जुने लखनौकर अजून सांगतात. म्हणजे मला मिळणारी निम्मी किंमत ही सूट नव्हती. उरलेली निम्मी किंमत दुसऱ्या कोणाच्या नावावर मांडली गेली होती : शिंगाडे लावणाऱ्यांच्या, म्हशी धुणाऱ्यांच्या, पावसाळ्यात घरात पाणी शिरणाऱ्यांच्या, आणि वीस वर्षांनी ज्यांच्या हापशाला पाणी येणार नाही त्यांच्या.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात पलिष्ट्यांनी अब्राहामाच्या काळातील विहिरी माती टाकून बुजविल्याचे सांगितले आहे. त्यांनी पाणी चोरले नाही. कोणालाच मिळू नये असे केले. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या. नव्या विहिरींवरून भांडण झाले तेव्हा तो दोनदा पुढे सरकला, आणि तिसऱ्या विहिरीवर भांडण झाले नाही म्हणून तिचे नाव त्याने ‘रहोबोथ’, म्हणजे ऐसपैस जागा, असे ठेवले. इसहाकाच्या मते ऐसपैस जागा म्हणजे जेथे आपल्या पाण्यासाठी दुसऱ्याचे पाणी हिरावून घ्यावे लागत नाही ती. महाराष्ट्रातील वाचकांना येथे वसईची आठवण होईल. तेथील वाड्यांना पाणी पुरविणारी बावखले बुजविली जाऊ लागली आणि विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत उभे राहून हा आध्यात्मिक प्रश्न असल्याचे आपल्या लोकांना सांगितले. जमीन विकणारे पुष्कळदा आपलेच ख्रिस्ती बांधव होते, म्हणून ते सांगणे सोपे नव्हते.

आता दुसरी बाजू. याच काळात, जून २०२४ मध्ये, लखनौतील अकबरनगर पाडण्यात आले. गोमतीला मिळणाऱ्या कुकरैलच्या पात्रात व काठावर वसलेली ही वस्ती अनेक दशकांची होती. लोक घरपट्टी आणि विजेची बिले भरीत होते. न्यायालयांनी ते बांधकाम बेकायदेशीर ठरविले आणि पर्यायी निवाऱ्याची सोय करावयास सांगितले. हजारांहून अधिक बांधकामे काही दिवसांत जमीनदोस्त झाली आणि कुटुंबांना वसंतकुंज येथील सदनिकांत, हप्त्यांनी पैसे भरण्याच्या अटीवर, पाठविण्यात आले. पुढच्याच महिन्यात जवळच्या पंतनगर, इंद्रप्रस्थनगर इत्यादी वसाहतींतील घरांवर लाल खुणा झाल्या. तेथील लोकांनी आपली नोंदणीपत्रे पुढे केली. मुख्यमंत्र्यांनी त्यांना आश्वासन दिले आणि ती घरे वाचली.

मी येथे न्यायालयाच्या निर्णयावर टीका करीत नाही. नदीला तिचे पात्र परत मिळावे, असेच मला वाटते. परंतु बुलडोझर पाहून परतताना मला एका गोष्टीची लाज वाटली. अकबरनगरमधील माणसांनी नदीकाठी घर बांधले ते नदीचे दृश्य दिसावे म्हणून नव्हे. अन्यत्र परवडत नव्हते म्हणून. आणि मी, निवृत्तिवेतन हाती असलेला माणूस, बगळे दिसावेत म्हणून तेच करावयास निघालो होतो. फक्त माझ्याजवळ अधिक चांगले कागद असणार होते. ज्याला पर्याय नव्हता त्याचे घर गेले. ज्याला पर्याय होता त्याने तोच दोष केला असता, तर कदाचित त्याचे घर टिकलेही असते. ज्याला पुष्कळ दिले आहे त्याच्यापासून पुष्कळ मागितले जाईल, ही प्रभूची शिकवण आपण दानधर्मापुरती मर्यादित ठेवतो. ती खरेदीखतालाही लागू आहे.

तेव्हा, “दुसरा कोणी घेईलच” या वाक्याकडे परत येऊ. त्याला मला तीन उत्तरे सुचतात.

पहिले असे की, हे वाक्य खरे मानले तर जगातील कोणतेही पाप करता येईल. लाच मी घेतली नाही तर दुसरा घेईल. खोटी साक्ष मी दिली नाही तर दुसरा देईल. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा (१ राजे २१) या दृष्टीने पुन्हा वाचावी. पत्रे ईजबेलीने लिहिली, साक्ष अधमांनी दिली, दगड गावकऱ्यांनी मारले. अहाबाने स्वतः काय केले ? तो फक्त रिकाम्या झालेल्या मळ्याचा ताबा घ्यावयास गेला. नाबोथ मेलेलाच होता. अहाबाने पाय मागे घेतला असता, तरी तो उठून बसला नसता. तरीही एलीया संदेष्टा गाठतो तो अहाबाला, आणि तोही त्या मळ्यातच. अन्यायाचे शेवटचे टोक धरणारा माणूस सुरुवातीच्या टोकाला जबाबदार नाही, असे परमेश्वर मानीत नाही.

दुसरे उत्तर व्यवहाराचे आहे. अशा वसाहती एका दिवसात उभ्या राहत नाहीत. पहिल्या टप्प्यातील खरेदीदारांच्या बयाण्यातून दुसऱ्या टप्प्यातील मातीचे ट्रक येतात. मी विकत घेतो ते केवळ बुजलेले तळे नसते. उद्या बुजणाऱ्या तळ्याचा खर्चही मीच पुरवीत असतो. माझ्या एकट्याच्या नकाराने व्यवहार थांबत नाही हे खरे, पण त्याच्या एकेका होकारानेच तो चालतो, हेही तितकेच खरे.

तिसरे उत्तर देताना मी अडखळतो. नकाराचे फळ दिसले पाहिजे, असा आग्रह धरण्याचा आपल्याला अधिकार आहे काय ? आपण विश्वासूपणासाठी बोलावलेले आहोत. यश आपल्या हाती नाही. हे मी मंडळीत अनेकदा ऐकले आहे आणि ते खरे आहे. परंतु ते फार लवकर म्हणून टाकले, तर त्याची निजण्यासाठी उशी होते. तो भूखंड सोडून मी घरी आलो, झोपलो, आणि तळे बुजतच राहिले. तेव्हा मला वाटते की, नकार ही सुरुवात आहे; नकार देणाऱ्यावर तळ्याचे काही ऋण उरते.

राहिला प्रश्न शांततेचा. ती इच्छा दूषित आहे काय ? आपल्या प्रभूनेही तळ्याकाठी घर केले होते. नासरेथ सोडून तो कफर्णहूमला, गालील सरोवराच्या काठी, येऊन राहिला (मत्तय ४:१३). परंतु तेथील शिमोनाच्या दारात सायंकाळी सारे गाव लोटले (मार्क १:३३). पुढे त्याच गावात एका घराचे छप्पर उकरून पक्षाघाती माणसाला खाली सोडण्यात आले. प्रभूला एकांत हवा असे तेव्हा तो पहाटे उठून अरण्यात जाई आणि प्रार्थना करून लोकांत परत येई. शांतता ही त्याच्यासाठी जाऊन यावयाची जागा होती. फाटक लावून, पहारेकरी ठेवून राहावयाची नव्हती. आमच्या त्या वसाहतीच्या माहितीपत्रकातील शांतता तशी नव्हती. कोणाला घर विकायचे नाही आणि कोणाला भाड्याने द्यायचे नाही, हे त्या शांततेच्या किमतीत धरलेले होते, आणि दलालाने ते आम्हांला आश्वासन म्हणून सांगितले. उत्तरेत राहणाऱ्या आम्हां मराठी ख्रिस्ती माणसांना “तुम्ही कोण ?” या प्रश्नावर घर नाकारले जाण्याचा अनुभव नवा नाही. तोच प्रश्न आता माझ्या वतीने दुसऱ्याला विचारला जाणार होता.

तळ्याकाठच्या वेगळ्या वस्तीचे उदाहरणही लखनौशीच निगडित आहे. १९०७ साली या शहरातील लालबाग चर्चचे पाळक म्हणून आलेले ई. स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० मध्ये कुमाऊँतील सातताल येथे आश्रम स्थापिला. देखणे तळे, पाइन-ओकची झाडी, निवांतपणा, सारे तेथे होते. परंतु लोक तेथे उन्हाळ्यापुरते येत आणि आपापल्या कामाच्या गावी परतत. निरनिराळ्या वंशांची व जातींची माणसे एका पंक्तीत बसत, आणि झाडूवाल्याचे कामही सभासद वाटून घेत. ते काम काही उच्चवर्णीय ख्रिस्ती मंडळींना फार जड गेले, असे जोन्स यांनी नमूद केले आहे. ती शांतता श्रमाने आणि मनाची मोडतोड करून मिळविलेली होती.

आम्ही अखेर शहरातल्या एका जुन्या मोहल्ल्यात दोन खोल्यांचे वापरलेले घर घेतले. तेथे शांतता नाही. पहाटे अजान होते, नवरात्रात ध्वनिवर्धक लागतो, नाताळात आमचीही गाणी होतात. पाणी पाहावेसे वाटले की, आम्ही रिक्षा करून गोमतीनगरच्या कठौता तळ्यावर जातो. शारदा कालव्याचे पाणी तेथे साठवून त्या भागातील घरांना प्यावयास दिले जाते. ते तळे आमच्या मालकीचे नाही, आणि त्याचे सौंदर्य त्यामुळे काही कमी होत नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएलास सांगतो की, जमीन कायमची विकू नये, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरे व पाहुणे आहात. हे वचन मी दुष्काळी गावात, भूमिहीन आईच्या तोंडून, प्रथम ऐकले होते. तेव्हा ते गरिबाचे सांत्वन वाटे. आता घरमालक झाल्यावर ते सूचनेसारखे वाटते.

त्या तळ्याच्या उरलेल्या तुकड्यासाठी आमच्या मंडळीतील चौघांनी आणि त्या शिंगाडेवाल्या गृहस्थांच्या कुटुंबाने मिळून जुन्या अभिलेखाची प्रत जोडून संबंधित कार्यालयात अर्ज दिला आहे. पहिल्या अर्जाचे उत्तर आले नाही, म्हणून दुसरा दिला. पत्नीने त्यावर सही केली आणि विचारले, “अहो, ते बगळे अजून येत असतील का ?” मी पाहून येतो म्हणालो. गेल्या आठवड्यात जाऊन आलो. सात होते.